मानवी वापरासाठी नाही

शोभा शेवटची घरी आली ती चंद्रपूरच्या एसटीनं, भर उन्हात. गोंडपिपरीच्या स्टँडवर मी सायकल घेऊन उभा होतो. उतरताना तिनं दांडा घट्ट धरला आणि पायरीवरच थांबली. "गुडघे दुखून राह्यले का?" मी विचारलं. "थोडेसे. चाल, भाऊ," एवढंच ती म्हणाली... त्याच आठवड्यात माझी ही धाकटी बहीण गेली. आता दीड महिना होत आला.

दुखणं लहानपणापासूनचं. थंडी लागली की तिची हाडं ठणकायची, डोळे पिवळे व्हायचे. कुणी वारं म्हणायचं, कुणी करणी. वडील नव्हते, माय धानाच्या रोवण्याला जायची आणि शोभा गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायची. ती आठवीत असताना नागपूरच्या एका डॉक्टरांनी तिचं रक्त काचेवर घेऊन पाहिलं आणि सिकलसेल हे नाव सांगितलं. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, शिरांत अडकतात. "मले पाहू द्या," शोभा म्हणाली. डॉक्टरांनी खुर्ची सोडली. सूक्ष्मदर्शकावरून तिला उठवायला मला दोनदा हाक मारावी लागली.

पुढे ती एम.एस्सी. झाली आणि नागपुरातच एका प्रयोगशाळेत लागली. तिथं परदेशातून बर्फात ठेवलेल्या इवल्या कुप्या यायच्या. त्यांत एरिथ्रोपोएटिन नावाचं प्रथिन. आपल्या मूत्रपिंडात बनतं, रक्त तयार करायचा हुकूम देतं. पण हे माणसातून काढलेलं नव्हतं. माणसाचं जनुक हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशीत घालून त्या पेशीकडून बनवून घेतलेलं. आपल्याकडच्या रुग्णांच्या रक्तातल्या मूळ पेशी काचेच्या ताटलीत वाढवायच्या, त्यांत हे घालायचं आणि न वाकणाऱ्या पेशी तयार होतात का ते पाहायचं, हे शोभाचं काम. सांगताना तिचा आवाज चढायचा.

गेल्या हिवाळ्यात ती घरी दुखण्यानं कण्हत पडली असताना मायनं विचारलं, "रक्त वाढवाचं औषध तुह्या हातात हाये म्हंते तू. मंग घेत काऊन नाई?"

"ते औषध नाई, माय. कुपीवर लिहून राह्यते, माणसाले द्याचं नाई."

"कोन पाह्यते तिथी?"

"पाह्याचा सवाल नाई. ते सुईनं द्यासारखं बनवलंच नाई. अन् माह्यं रक्त एकदम घट्ट झालं तं अजूनच अडकन."

"मंग कोनासाठी करून राह्यली तू हे?"

शोभानं गुडघे पोटाशी ओढले. "सध्या तं ताटलीसाठीच," ती म्हणाली. मायनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

या वेळी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप चढला, मग छातीत कळा, मग श्वास पुरेना. जीप करून चंद्रपूरला नेलं. प्राणवायू लावला, रक्ताची बाटली लावली. माय डॉक्टरांपुढे हात जोडून म्हणत होती, "साहेब, हिच्या लॅबातून ते आणून द्या जी." डॉक्टरांना काही कळेना. शोभानं डोळे उघडले आणि मान हलवली. नाही... भर दुपारी ती गेली.

तिचं सामान आणायला मी नागपूरला गेलो. तिच्यासोबत काम करणाऱ्या कुंदाताईंनी पेटी बांधून ठेवली होती. मी निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबा. तुम्हाला एक दाखवायचंय." घरी यायच्या आधी शोभानं स्वतःचं रक्त प्रयोगासाठी दिलं होतं. नेहमीच द्यायची म्हणे. आम्हाला कधी बोलली नाही. त्यांनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी वाकलो. तांबूस पुंजके होते, दाटीवाटीनं वाढलेले.

"जिवंत आहेत?"

"आहेत."

"आता काय करता यांचं?"

"तपासायचं. मग नष्ट करायचं." त्यांनी ताटली झाकली. "तिनंच शिकवलंय मला."

"तपासा," मी म्हणालो.

घरी येऊन मायला सांगितलं. तिनं पदरानं हात पुसले. "तिचं रक्त तिथी वाढून राह्यलं होतं?"

"हो."

"मंग दुखत असन का त्याले?"

"नाई, माय. तिथी नाई दुखत."

ती उठून आत गेली. शोभाला सारखं पाणी प्यावं लागायचं, म्हणून तिच्या खाटेजवळच्या खिडकीत तांब्या असायचा. माय अजूनही तो सकाळी भरून ठेवते. दुपारी पाणी कोमट होतं. ती ते अंगणात ओतते आणि पुन्हा भरून ठेवते.