राजा बहिणीला न्यायला आला का?

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही त्यांना आणायलाच निघालो होतो. नांदेडच्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, आता घरी न्या, इथं ठेवून उपयोग नाही. आमच्या यांनी भाड्याची जीप ठरवली, मागच्या सीटवर गादी अंथरली, मी पेज करून थर्मासमध्ये भरून घेतली. वसमत मागे पडलं आणि फोन वाजला. यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "जरा बाजूला घे." खाली उतरून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी उतरलेच नाही. उतरून काय करणार होते?

कमलअक्का म्हणजे माझी नणंद, यांची एकुलती एक थोरली बहीण. नणंद-भावजयीचं जसं असायचं तसं आमचं होतं. त्या माझ्या वरणाला पाणचट म्हणायच्या, मी त्यांच्या घोरण्यावरून टोमणे मारायची. पण नागपंचमी जवळ आली की मीच यांच्या मागे लागायची. आमच्याकडे पंचमीला लेकीबाळींना माहेरी आणायचं असतं आणि न्यायला मुराळी म्हणून भावानंच जायचं असतं. अक्कांचं सासर कनेरगाव नाक्याला, आमच्या हिंगोलीहून एसटीनं जाऊन दुपारी परत येता येईल इतकं जवळ. त्या एकट्याही येऊ शकल्या असत्या. पण नाही! भाऊ दारात उभा राहिल्याशिवाय त्या पिशवी भरायच्या नाहीत. या हट्टाचं मूळ एका राजात होतं, हे मला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कळलं.

माझ्या सासऱ्यांचं जवळा बाजारला किराणा दुकान होतं. पुडे बांधायला रद्दी लागायची, ती ते वजनावर आणायचे. अक्का तेव्हा पाचवी-सहावीत असतील. एकदा त्या रद्दीत कुठल्याशा पुस्तकमालिकेचे चार-पाच भाग आले. रद्दीवाल्यानं जाड पुठ्ठे आधीच उपटून घेतलेले, त्यांच्याबरोबर नावाची पानंही गेली. आत गोष्ट होती एका पोरसवदा राजाची. फार जुना काळ, दगडी किल्ले, मुकुट मोठा म्हणून आतून चिंधी गुंडाळून घातलेला. शत्रूच्या किल्ल्यावर जादू अशी की तिथं जो पूर्ण हिवाळा राहील तो स्वतःचं नाव विसरून जाईल. तह करायचा म्हणून राजानं आपल्या बहिणीला त्या किल्ल्यावर ओलीस ठेवलं आणि शब्द दिला, बर्फानं घाट बंद व्हायच्या आत तुला न्यायला येतो. अक्कांनी बर्फ कधी पाहिला नव्हता. सरकी काढलेला कापूस आभाळातून पडतो, असं त्या सांगायच्या.

दुकानात पोत्यांच्या आड बसून त्या हे वाचायच्या आणि धाकट्या भावाला सांगायच्या. वाचायची उरलेली पानं त्यांनी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून ठेवली होती. आठवडी बाजार आला, गिऱ्हाईक तुटून पडलं आणि सासऱ्यांचा हात तळापर्यंत गेला. राजा घाटाखाली पोचला, बर्फ पडायला लागला, आणि पुढचा भाग कुणाच्या तरी घरी गुळाबरोबर निघून गेला.

पंचमीला झोक्यावरून आलं की ही गोष्ट निघायचीच. मी चेष्टा करायची, "अक्का, तुमच्या राजाला मिशा तरी फुटल्या होत्या का?"

"मिशीचं काय करायचं सरू? बहिणीला न्यायला आला म्हंजे झालं. आला का न्हाई, तेच तर समजंना."

आजार बळावला तसा हा प्रश्न चेष्टेचा राहिला नाही. सलाईन लावलेला हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "सरू, तू मास्तरीण हायेस. येवढी पुस्तकं वाचतीस. येक पुस्तक सापडंना व्हय तुला?" औषध डॉक्टरांच्या हाती होतं, दुखणं कुणाच्याच नव्हतं; एवढी एकच गोष्ट माझ्या हातची आहे असं मला वाटलं. मी पेटूनच उठले. हिंगोलीच्या वाचनालयात विचारलं, तर त्यांनी खऱ्याखुऱ्या राजांवरच्या कादंबऱ्यांची चळत समोर ठेवली. भाचीनं परदेशी सिनेमांचे फोटो पाठवले. मी ते अक्कांना दाखवायची आणि त्या मान हलवायच्या. फेसबुकवरच्या वाचकांच्या गटात लिहिलं, अक्कांनी सांगितलं तसंच्या तसं: लहान राजा, आतून चिंधी गुंडाळलेला मुकुट, ओलीस ठेवलेली बहीण, नाव विसरायला लावणारा किल्ला. लोकांनी भराभर अंगठे दिले. नाव कुणालाच सांगता येईना.

शेवटी शेवटी अक्काच नावं विसरायला लागल्या. मला त्यांनी स्वतःच्या आईच्या नावानं हाक मारली. रक्तात विष पसरलं की असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. भाऊ मात्र ओळखू यायचा. "बाळू, कवा नेऊन राहिला मला?" एवढंच विचारायच्या. हे म्हणायचे, "उद्या." दवाखान्यातून रोजचा निरोप तोच होता, उद्या बघू. मला तेव्हा इतका राग यायचा, आणि तो नेमका कुणावर काढावा हेसुद्धा कळायचं नाही.

दिवस-पाणी आटोपलं, पाहुणे पांगले, आणि मग त्या गटातून निरोप आला. साताऱ्याच्या एक वयस्क बाई. त्यांच्याकडे ती मालिका पूर्ण आहे. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचा मजकूर मी पहिल्याच दिवशी वाचला होता. पण त्या मालिकेत बहीण नाहीच, म्हणून सोडून दिला. ओलीस ठेवलाय तो राजाचा धाकटा भाऊ. परवा चाळताना चिंधीचा मुकुट दिसला आणि चूक कळली." बहीण अक्कांनीच आणून बसवली होती! पोत्यांच्या आड भावाला गोष्ट सांगता सांगताच बसवली असेल. मुराळी कुणाला न्यायला येतो, हे जवळा बाजारच्या पोरीला काय वेगळं ठाऊक असणार? आणि मी तिचा शब्दन् शब्द प्रामाणिकपणे उतरवून जगाला विचारत बसले. बाईंनी शेवटच्या भागाचे फोटो पाठवले. मालिकेचं नाव इथं लिहीत नाही. ज्यांना आधी सांगायचं होतं त्यांना सांगता आलं नाही, मग आता कुणाला कळून काय करायचंय!

पंचमीच्या सकाळी मी भाकरी थापत होते. हे अंघोळ करून इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले, कापडी पिशवी खुंटीवरून काढली, चप्पल घातली. मीही सवयीनं म्हणाले, "लवकर या." उंबऱ्यात पोचल्यावर ते थांबले. मग चप्पल न काढता तिथंच खाली बसले. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटवता येईना.

तिथूनच म्हणाले, "तुला ते पुस्तक घावलं म्हणत होतीस. आला का गं राजा?"

"आला," मी म्हणाले.

"टायमावर?"

मी करपलेली भाकरी खाली काढता काढता म्हणाले, "न्हाई हो. घाट बंद झाल्ता. त्याला बी उशीरच झाला."

त्यांनी मान हलवली, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. "करंल तरी काय बिचारा," म्हणाले.

आमचे हे पेपरात हळदीचा भाव तेवढा बघतात, हे छापून येईल ती पुरवणी उघडत नाहीत. म्हणून खरं इथं लिहिते. राजा वेळेवर पोचला होता.