सर्पदंशावर घरगुती उपाय

माझ्या लेखात वेबसाइटच्या संपादक मुलीने सात ठिकाणी हेच शब्द घुसवले होते. पडद्यावर ते पिवळे केलेले होते. सात वेळा भोसकल्यासारखा दिसत होता लेख.

माझं डोकं भडकलं. लेख अण्णावर, माझ्या थोरल्या भावावर होता. त्याला साप चावला तेव्हा गावाने घरगुती उपायच केला होता. चौघांनी त्याला दाबून धरलं, ब्लेडने पोटरी चिरली, वर सुतळी करकचून आवळली. दवाखान्यात नेईपर्यंत त्याचं ओरडणं कायमचं थांबलं होतं.

मी फोनवर खेकसलो, “ज्याने भाऊ मारला तेच सात वेळा लिहू?”

ती म्हणाली, “सर, साप चावला की लोक नेटवर शोधताना हेच टाइप करतात. हे शब्द नसतील तर तुमचा लेख तळाला जाईल. वर ब्लेडवालेच दिसतील.”

अण्णाला दाबून धरलं त्या दिवशी अंगणात ‘दवाखान्यात न्या’ म्हणणारी वहिनी एकटीच होती. तिचा आवाजही असाच तळाला गेला होता.

आत्ता कुठेतरी कुणाच्या एका हातात ब्लेड असेल, दुसऱ्या हातात फोन. सातही ठिकाणचे शब्द मी तसेच ठेवले. फक्त पहिल्याच्या पुढे लिहिलं, ‘ब्लेड खाली टाक. गाडी काढ.’