कानशिलावरची पांढरी बट

सकाळी माझी लेक डोळ्याला भिंग लावून एक दगड न्याहाळत बसली होती. अकराला तिची भूगर्भशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा. काल संध्याकाळी तिने कॉलेजच्या नाटकात एका म्हाताऱ्या बाईचं काम केलं होतं, आणि घाईघाईत धुतलेल्या केसांतली कानशिलाजवळची एक बट अजून पांढरीच राहिली होती.

ती नाट्यशास्त्र शिकते आणि भूगर्भशास्त्रही. नातेवाईक विचारतात, यातलं नक्की काय करणार ही? मीही विचारलं होतं. तेव्हा म्हणाली, "आई, मला जुनं होत जाणं बघायला आवडतं. दगडाचं काय नि माणसाचं काय." मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं होतं.

आज चहा घ्यायला ती उठली, ती गुडघ्यावर हात टेकून, जरा थांबून. तालमीत लागलेली सवय अजून सुटली नव्हती. खिडकीतलं ऊन त्या पांढऱ्या बटेवर आलं आणि समोर एकदम माझी म्हातारी लेक उभी राहिली. ती खरोखर म्हातारी होईल तेव्हा तिला बघायला मी नसेन. जे सहसा कुठल्याच आईच्या वाट्याला येत नाही, ते मला चहाच्या वेळी घरबसल्या मिळालं होतं.

"आई, केसांत अजून राहिलंय का गं काही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि ती बट अलगद तिच्या कानामागे सारली.