‘दुसरं औषध काही नाही जी’

मागच्या आठवड्यात आमच्या घरी काय काय आलं ते आधी सांगते. वाशीमहून झोपेच्या गोळ्या, एक रुपया दोन आणे. शेलूबाजारहून आसवाची बाटली आणि मंगरूळपीरहून खोकल्याचं औषध... ही दोन्ही फुकट. आणि तेच फुकट अंगाशी आलं!

मैत्रिणींनो, आपलं हे फिरतं पत्र या खेपेला माझ्याकडे चार दिवस जास्त अडकलं, त्याचं कारणही हेच.

सासूबाईंना महिनाभर झोप नव्हती. वाशीमच्या डॉक्टरांनी तपासलं, निजताना एक गोळी सांगितली आणि मला विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी ताडकन म्हटलं, "दुसरं औषध काही नाही जी." मॅट्रिक झालेली सून ना... उत्तर तयारच!

आता आमच्याकडची रीत. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. खेड्यात फळं कुठली मिळायला... म्हणून जो तो आपापल्या घरचं औषध घेऊन येतो.

मंगळवारी सासूबाईंचे भाऊ आले, आसव घेऊन. मी म्हटलं, मामाजी, डॉक्टरांना विचारू द्या. तर म्हणे, "हे काय औषध थोडंच आहे व? मनुकाचा रस समज. दोन चमचे देत जाय, बाईले ताकद येईन." ...आणि स्वतःच चार चमचे पाजून मोकळे!

गुरुवारी नणंदबाई आल्या. आईला जरा खोकताना ऐकलं आणि पिशवीतून बाटली काढलीच. "वहिनी, तू तं एवढी शिकलेली, मंग मायले खोकल्याचं औषध देत काहून नाही?"

माझा नुसता जळफळाट. पण पाहुण्यांसमोर सासूबाईंच्या तोंडातला चमचा ओढून घ्यायचा की काय? दोघंही मुक्कामाला राहिले आणि रोज आपापलं पाजत राहिले. सासूबाई तर खूश. लेकीचं औषध, भावाचं औषध... सुनेचं कोण ऐकतो!

शनिवारी सकाळी सासूबाई पूजेला उठल्या नाहीत. मी या घरात आल्यापासून त्यांची पूजा एकदाही चुकलेली नाही. जाऊन पाहते तर जड घोरणं, मधेच श्वास थांबल्यासारखा. हलवलं, हाका मारल्या... अर्धवट डोळे उघडून काही पुटपुटल्या आणि पुन्हा गप्प.

मामाजी म्हणतात, "झोपू दे, महिन्याची झोप काढून राह्यली." नणंदबाई तांब्या घेऊन पाणी पाजायला निघाल्या. मी हातच धरला त्यांचा. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते जाणार कुठं?

यांनी सडकेवर जाऊन मालेगावकडून येणारी मोटार थांबवली. मी घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या. मामाजी आणि नणंदबाईही सोबत निघाले, आणि वाशीम येईपर्यंत त्या दोघांवर माझं तोंड काही थांबलं नाही... सासूबाईंचं डोकं मांडीवर होतं, आणि मनात भीती अशी की आता हा श्वास थांबला तर?

डॉक्टरांनी त्यांना कुशीवर निजवलं, इंजेक्शन दिलं आणि बाटल्या हुंगून पाहिल्या. "आसवात मद्याचा अंश असतो. खोकल्याच्या औषधात अफूचा. दोन्ही गुंगीची, आणि वर झोपेची गोळी. सगळी एकाच कामाला लागली, बाई... श्वासही झोपायला लागला होता."

मद्य! ज्या घरात दारूचं नाव घेतलं तरी सासूबाई चूळ भरायला लावतात, त्या घरात! मी मामाजींकडे असं पाहिलं, की ते खिडकीबाहेर पाहू लागले.

तेवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "अजून काही दिलंत? लपवू नका, मला माहीत पाहिजे." ...आणि मला त्या गोळ्या आठवल्या.

मागल्या वर्षी यांना अंगावर पित्त उठलं होतं, त्याच्या खाजेच्या गोळ्या उरलेल्या. त्या खाल्ल्या की हे दिवसभर पेंगायचे. सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली, म्हणून गेले पंधरा दिवस त्याच मी रोज त्यांना देत होते. चांगल्या गोळ्या, टाकायच्या कशाला? घरातलंच होतं... ते मी औषधात धरलंच नव्हतं. वाटेत ज्या दोघांना फाडून खाल्लं, ते दोघंही समोर उभे.

"नाही जी" अगदी ओठांवर आलं होतं. पण पलंगावरच्या त्या श्वासाकडे लक्ष गेलं आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत. "आता मेळ बसला," म्हणाले, आणि दिवसभर दवाखान्यातच ठेवून घेतलं.

मामाजी म्हणाले, "त्या झोपेच्या गोळ्याच फेकून द्या." तर डॉक्टर त्यांच्यावर उखडले. काही दिवस घेतलेली गोळी एकाएकी तोडली तर झटकेसुद्धा येतात म्हणे. आता पुढं काय करायचं, कमी कशी करायची, ते तेच सांगणार. बाकी तिन्ही बंद.

उन्हं कलताना सासूबाईंनी डोळे उघडले. पहिलं वाक्य काय, तर "पूजा कोणं केली व?" मला रडूच कोसळलं. नणंदबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले, आणि टोमणा एकही मारला नाही. तो उपकार मी विसरणार नाही.

आता सगळी औषधं एका डब्यात, देणार एकटी मी, आणि दवाखान्यात जाताना डबा सोबत. कालच शेजारीण कसला काढा घेऊन आली, तिला दारातूनच परत पाठवलं. अंगारा मात्र चालतो... डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतलंय!

कमल, हे खास तुझ्यासाठी. मागच्या फेरीत तू लिहिलं होतंस, सासऱ्यांना झोपेची गोळी चालू आहे आणि संध्याकाळची त्यांची भांगही सुटलेली नाही. त्यांच्या डॉक्टरांना हे दोन्ही माहीत आहे का? भांग म्हणजे औषध थोडंच, असं म्हणून गप्प राहू नकोस गं... आजच सांग त्यांना, आणि ते काय म्हणाले ते मला उलट टपाली कळव. हे पत्र फिरून येईपर्यंत थांबू नकोस.