बुर्गाच्या हाताची चव
ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या त्या खोऱ्यात हरणाच्या मटणाबरोबर बुर्गाच्याच हातची आंबट करंटबेरीची जेली लागे. ती रानझुडपं वरच्या जंगलात नेमकी कुठे आहेत, हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. यंदा नणंद झेन्सी टोपली घेऊन मागेच लागली. बुर्गा मुकाट्यानं दुसऱ्याच, पाणचट फळांच्या झुडपाशी थांबली. फळं तितकीच लालचुटूक. दोन तोंडात टाकून तिनं चेहरा आंबट केला.

"तोडा, वन्सं."

"पाद्रीबाबांनी टोपलीवर आशीर्वादाचं पाणी शिंपडण्याआधीच खाल्लीस? पाप गं."

झेन्सीनं रीत पाळली आणि न चाखताच टोपली भरली. पुढे तिच्या बेचव जेलीला कुणी हात लावेना.

"झुडूप तेच," ती हळहळली, "चव तुझ्या हातालाच."

"लोक म्हणतात खरं तसं," म्हणत बुर्गा लाजली.