शेवटचा टप्पा बैलांचा

वेढ्याच्या तोफांवर आमच्या शेजारच्या प्रोफेसरांइतकं प्रेम करणारा माणूस साऱ्या जयपुरात नव्हता, आणि दिवाळीत साध्या लवंगी फटाक्याला कानांत बोटं घालणाराही दुसरा नव्हता. मूळचे वाईचे, इथल्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. विम्याच्या नोकरीत बदली होऊन मी इथे आलो, त्या दिवशी आमचं कपाट उचलणाऱ्या हमालांना थांबवून त्यांनी शंभर वर्षांपूर्वी किल्ले फोडायच्या अवजड तोफा कशा हलवत, हे अर्धा तास समजावलं होतं. कपाट डोक्यावरच होतं. जेवायला बोलावलं की भाताच्या मुदीचा किल्ला व्हायचा. "सगळीकडे मारून तट पडत नाही हो. एकच जागा धरायची आणि रोज तिथेच मारायचं," म्हणत ते बोटाने खिंडार पाडत आणि वरण आमच्या सौ.च्या नव्या टेबलक्लॉथवर येई. खरा जीव मात्र जनावरांत. "तोफ हत्ती ओढतात. पण समोरून गोळे यायला लागले की हत्ती बुजतो. शेवटचा टप्पा बैलांचा!" हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीने सांगानेरच्या कापड छापणाऱ्या घरात लग्न केलं, तेव्हा हे लग्नाला गेले नाहीत. वर्षभराने चूक उमगली, पण आता ती दार उघडेना. मग दर रविवारी मला घेऊन बसने सांगानेर गाठायचं आणि तिच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली त्याच एका दगडावर छत्री उघडून बसायचं, असं त्यांनी सुरू केलं. हाक नाही, निरोप नाही. एका रविवारी ते एकदम उठले. मीही उठलो, पण तिने तोंडावर दार लावलं तर ते मला बघवणार नव्हतं. माझे पाय तिथेच अडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही थांबा. हत्तींचं काम इथवरच." आणि मान खाली घालून एकटेच गल्ली ओलांडून गेले.

कडी वाजवायच्या आत दार उघडलं. "बाबा, मतलब, किती रविवार उन्हात बसणार? आत या." तिचे हात निळ्या रंगाने माखलेले होते. तिने त्यांना बाहीला धरून आत नेलं. त्यांच्या पांढऱ्या बाहीवर पडलेली तिची पाच बोटं त्यांनी पुढे कधी धुऊ दिली नाहीत.

प्रोफेसर आता नाहीत. सांगलीच्या माझ्या थोरल्या भावाशी माझा जुना अबोला आहे. त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत मी दोनदा जाऊन आलो. तिथून पुढे मात्र मला जमलं नाही.