कार्ताझ सरांचं शेवटचं निवेदन

कुठलाही परवाना दिसला की आमच्या सरांच्या कपाळाला आठी पडायची. मंडपाची परवानगी असो की पुनर्विकासाचं संमतीपत्र, ते कागद उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, "घ्या, आलं कार्ताझ!" आपल्याच समुद्रात ये-जा करायला पोर्तुगीजांनी आपल्याच जहाजांना जे परवाने विकले, ते कार्ताझ. काळाचौकीतल्या शाळेत सरांनी हयातभर इतिहास शिकवला. चाळीला त्यातला हा एकच शब्द पाठ झाला आणि तोच त्यांना नाव म्हणून चिकटला.

गिरणीच्या जागेवर टॉवर आला, तेव्हा आमची येण्याजाण्याची वाट फाटकाआड गेली. रखवालदाराने सरांना हटकलं, "किधर जाना है?" सर म्हणाले, "पाचशे वर्षं झाली बाबा, धंदा तोच आहे." त्याने आदराने मान डोलावली आणि लांबचा रस्ता दाखवला.

पोर्तुगीजांनी मार्ग शोधला, हे वाक्य त्यांना खपत नसे. "आफ्रिकेला वळसा त्यांनी घातला, मान्य. पण तिथून इकडचा रस्ता गुजराती, अरब, मलबारी सगळ्यांच्या पायाखालचा होता. मिरी जायची, घोडे यायचे. भांडणं होती, चाचे होते, बंदरात जकात होती. पण भर समुद्राला फाटक बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते यांना सुचलं. तोफा होत्या ना!" समोरचा खूश होऊन पोर्तुगीजांना शिव्या घालू लागला, की सर त्यालाही थांबवत. "हळू. कार्ताझ घ्यायला रांग कोणाची होती, तेही विचार."

मंडळाच्या देखाव्याचं निवेदन वर्षानुवर्षं सरांच्याच आवाजात असे. गेल्या वर्षी 'आपला समुद्र' हा विषय ठरला. अध्यक्ष सचिन त्यांचा विद्यार्थी. पुठ्ठ्याचं गलबत, धूर सोडणारी तोफ, आणि गणपतीपेक्षा मोठे देणगीदारांचे फोटो अशी जय्यत तयारी होती. सरांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. आवाज जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून रेकॉर्डिंग आधीच उरकलं. सरांची अट एकच होती, "कापायचं नाही." सचिनने पायांना हात लावून शब्द दिला.

सर पहिल्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून पुढच्या खुर्चीत बसले. गलबत हललं, तोफ उडाली आणि स्पीकरवर त्यांचा आवाज घुमला, "पोर्तुगीज आले, तेव्हा आपले राजे लढले!" लगेच तुतारी आणि टाळ्या. सर उभे राहिले. त्यांचं वाक्य तिथे संपत नव्हतं.

"सर, लोक सणाला येतात हो," सचिन कानाशी वाकून म्हणाला. "देणगीदार बसलेत. त्यांच्यासमोर आपलीच अब्रू कशाला काढायची? आणि एक शब्द आमचा नाही. आवाज तुमचाच आहे!"

सरांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली.

विसर्जनापर्यंत तो आवाज दर खेळाला चाळीच्या भिंतींवर आपटत राहिला. येणारेजाणारे म्हणत, "काय आवाज लावलाय सर, अंगावर काटा आला!" सर जोरजोरात नकारार्थी हात हलवत. लोकांना तो विनय वाटे. पुढे त्यांनी गॅलरीत बसणं सोडलं.

यंदा दिवाळीनंतर ते गेले. शोकसभा मंडळानेच ठेवली. सरांच्या फोटोला हार, व्यासपीठावर विभागातले सगळे मान्यवर, म्हणजे ज्यांना सरांनी कधी मान दिला नव्हता असे. सचिन गहिवरून म्हणाला, "सरांना त्यांच्याच आवाजात श्रद्धांजली," आणि त्याने रेकॉर्डिंग लावलं. "आपले राजे लढले!" टाळ्यांसाठी काहींचे हात वर आले, प्रसंग आठवून खाली गेले.

पहिल्या रांगेतून सरांच्या पत्नी, आमच्या काकी, उठल्या. माइकपर्यंत गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या.

"फुडचा खंय गेला रे, सचिन?"

 मग त्या अडखळत, सरांच्या पुस्तकी मराठीत, त्यांनी घरी घोकलेलं वाक्य म्हणाल्या, "आपले राजे लढले, असं सांगायला मला आवडलं असतं. काही लढले. बाकीच्यांनी परवाना घेतला, आणि शेजाऱ्याचं गलबत लुटलं जाताना तोंड फिरवलं."

 मान्यवरांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. सचिनने माइक तोंडाजवळ ओढला आणि म्हणाला, "काकींचं दुःख आपण सगळेच समजू शकतो. चहाची व्यवस्था बाहेर आहे."